शून्याला किती मार्क द्यायचे

अथर्वच्या लिस्टमध्ये मेक्सिकोचा बॉक्सर मार्केझ नाहीये. पहिल्या दहातसुद्धा नाही. २००० नंतरचे दहा सगळ्यात मोठे बॉक्सर अशी यादी करून त्याने मला मोबाईलवर दाखवली, मी म्हटलं अरे यात मार्केझ कुठंय, तर म्हणाला, "मावशी, तू ना इमोशनल होतेस. रेकॉर्ड बघ की." आणि लगेच कुणाचा तरी फोन आला म्हणून बाल्कनीत गेलासुद्धा. त्याच्यासाठी विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते जातच नाहीये. ताईशी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं ठरवून गेले होते, ते पण राहिलं, आता परत कधी जमतंय बघू.

यादी जशीच्या तशी आठवतेय. एक फ्लॉइड मेवेदर, दोन आंद्रे वॉर्ड, तीन क्रॉफर्ड, चार उसिक, पाच इनोउए. पॅकियाओ सहावा! बघताना नुसतंच वाईट वाटलं होतं, रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की या पहिल्या पाचातला एकही जण प्रोफेशनलमध्ये हरलेला नाही. म्हणजे अथर्वने लढती लावल्याच नाहीत, शून्यं लावलीत. ज्याच्या नावापुढे हार नाही तो वर, जो हरला तो खाली, आणि मार्केझ तर सात वेळा हरलेला, मग तो दहात कुठून येणार.

शून्याला किंमत नाही असं मी म्हणतच नाही. फ्लॉइड ५०-० आहे, म्हणजे पन्नास जिंकल्या आणि हार शून्य, आणि ते काही फुकट मिळालेलं नाही. जानेवारी २००१ मधली कोरालेसबरोबरची लढत ज्याने बघितली असेल तो फ्लॉइडला उगाच नावं ठेवणार नाही. दोघेही तोवर न हरलेले, कोरालेस उंच, हाताला जबरदस्त वजन, आणि फ्लॉइडने त्याला पाच वेळा खाली पाडलं, शेवटी दहाव्या राउंडला कोरालेसच्याच माणसांनी लढत थांबवली. आणि तो डावा खांदा. डावा हात खाली पोटाशी, खांदा हनुवटीला लावलेला, समोरच्याचा उजवा ठोसा त्या खांद्यावरून घसरून जातो आणि तो हात परत घेईपर्यंत फ्लॉइडचा उजवा त्याच्या तोंडावर. हे कितीही वेळा बघितलं तरी मला कळत नाही की त्याला एवढं आधी दिसतं कसं.

पण शुगर रे रॉबिन्सन १९ वेळा हरला होता आणि तरी आजवरचा सगळ्यात मोठा कोण असं विचारलं तर जाणकार लोक बहुतेक करून त्याचंच नाव घेतात. अली पाच वेळा हरला. हरायचं, परत त्याच माणसाशी लढायचं, ते चालायचं तेव्हा. फ्लॉइडनंतर शून्य जपणं हाच धंदा झाला. त्याची आणि पॅकियाओची लढत २०१० च्या सुरुवातीला व्हायची होती, ती डोपिंगसाठी रक्ताच्या चाचण्या कधी घ्यायच्या यावरून फिसकटली आणि झाली कधी तर २ मे २०१५ ला, एकजण ३८ चा, दुसरा ३६ चा. क्रॉफर्ड आणि स्पेन्सचं पण तेच, दोघेही न हरलेले, लोक वर्षानुवर्षं ओरडत होते की लावा एकदाची लढत, ती झाली जुलै २०२३ मध्ये. शून्यापायी आपल्या हातून काय काय गेलं याचा हिशोब कुठल्याच यादीत दिसत नाही.

इमोशनल.

हा शब्द मला लागलाय, हे खरंय. कारण तो काही आजचा नाही. आमच्याकडे दादाने काही ठरवलं की त्याने विचार करून ठरवलेलं असतं आणि मी ठरवलं की मी मनाला लावून घेतलेलं असतं. पुण्याची नोकरी सोडली तेव्हाही हेच, आणि त्याच्या आधी जे झालं तेव्हा तर... जाऊ दे, ते इथे नको. पण बॉक्सिंग तरी माझं होतं ना. या घरात लास वेगासच्या शनिवार रात्रीसाठी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसणारी मी एकटीच होते, अथर्व तेव्हा बाजूला बसून क्रेयॉन चावायचा, त्याला जॅब म्हणजे काय हे सांगितलं मीच. आणि आता तोच मला रेकॉर्ड बघ म्हणतो. रात्री पडल्या पडल्या फार एकटं एकटं वाटलं. एवढ्या वर्षांत इतकं बघितलं, लक्षात ठेवलं, त्याला कुणाच्याच लेखी काही वजन नाही का?

बरं, रेकॉर्डच बघायचं ना, मग नीट बघू. मे २००४, मार्केझ आणि पॅकियाओची पहिली लढत. पहिल्याच राउंडमध्ये मार्केझ तीनदा खाली, नाक फुटलेलं. जज दर राउंडला जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला त्याहून कमी पॉइंट देतात, तीनदा पाडलं तर साधारण १०-६ देतात, दोन जजनी तसंच दिलं, तिसऱ्याने दिलं १०-७. तो एक पॉइंट. त्या जजचं कार्ड, म्हणजे सगळ्या राउंडांची बेरीज, शेवटी ११३-११३ झालं, बाकी दोघांपैकी एकाने लढत याला दिली एकाने त्याला, म्हणून ड्रॉ. त्या जजने नंतर स्वतःच सांगितलं की माझं चुकलं. म्हणजे नियमाने बघितलं तर पॅकियाओ जिंकला असता, हे मी मार्केझची बाजू घेऊनही सांगतेय. आता दुसरी, मार्च २००८. एका जजने मार्केझला दिली, दोघांनी पॅकियाओला, आणि त्यातलं एक कार्ड ११४-११३, म्हणजे परत एक पॉइंट. तिसरी नोव्हेंबर २०११, एकाने बरोबरी, दोघांनी पॅकियाओ, आणि हॉलमधले लोक निकालावर हुर्यो करत होते. ३६ राउंड झाले आणि कोण चांगला हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. रेकॉर्डमध्ये हे कसं दिसतं? ड्रॉ, हार, हार. संपलं.

आणि मग ८ डिसेंबर २०१२. आपल्याकडे रविवार सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचा लगदा झाला हे आई अजून सांगते. तिसऱ्या राउंडला पॅकियाओ खाली, पाचव्याला मार्केझ खाली, सहाव्यात मार्केझच्या नाकातून एवढं रक्त की तोंडाने श्वास घेत होता, पॅकियाओ तर नुसता सुटला होता. राउंड संपायला एक सेकंद राहिलेला असताना पॅकियाओ आत घुसला आणि मार्केझने मागे न सरकता आखूड उजवा सोडला. लांबून फिरवून मारलेला नाही, आखूड. पॅकियाओ तोंडावर पडला आणि हललाच नाही. मार्केझ तेव्हा ३९ वर्षांचा होता. त्याच्या त्या पीळदार शरीराबद्दल लोक खूप बोलले, तो डोपिंग टेस्टमध्ये कधी सापडला नाही, त्यामुळे मी त्यात पडत नाही. मला दिसतं ते एवढंच, की पहिल्या लढतीत पहिल्या तीन मिनिटांत तीनदा पडलेल्या माणसाने आठ वर्षं त्या एका डावखुऱ्याचा अभ्यास केला आणि शेवटी त्याच्याच घाईवर त्याला घेतला. याला मी मोठेपण म्हणते. हे इमोशनल असेल तर असू दे, पण हे घडलेलं आहे, मी मनाने काही घातलेलं नाही.

फ्लॉइडने मार्केझला २००९ मध्ये धुतला हे अथर्व नक्की काढणार. धुतलाच. एका जजचं कार्ड १२०-१०७, म्हणजे बाराच्या बारा राउंड. पण ती लढत १४४ पाउंडला ठरली होती, मार्केझ लाइटवेटमधून, म्हणजे १३५ पाउंडांतून, वर आलेला, आणि फ्लॉइड १४६ भरला आणि जास्तीच्या दोन पाउंडांचे सहा लाख डॉलर भरून मोकळा झाला. वजन बरोबर भरलं असतं तरी फ्लॉइडच जिंकला असता यात मला शंका नाही. तरीपण पाउंड फॉर पाउंड म्हणायचं, म्हणजे वजन बाजूला ठेवून मोजायचं म्हणायचं, आणि मग वजनाचा हा तपशील गाळायचा, हे मला पटत नाही.

इनोउएचंच घ्या, तो अथर्वचा पाचवा. इनोउएचं मोठेपण मला सगळ्यात जास्त कुठे दिसलं, तर जिथे तो हरता हरता वाचला तिथे. नोव्हेंबर २०१९, सायतामा, समोर ३६ वर्षांचा डोनेअर. दुसऱ्याच राउंडला इनोउएच्या उजव्या डोळ्यावर असा हूक बसला की डोळ्याखालचं हाड मोडलं आणि पुढचे दहा राउंड त्याला दोन दोन डोनेअर दिसत होते. तसाच लढला, अकराव्यात पाडला, जिंकला. आणि डोनेअरने मुलांना ट्रॉफी आणतो म्हणून कबूल केलेलं, तर ती एका रात्रीपुरती इनोउएकडून मागून घेतली, मुलांना दाखवून परत दिली. त्या रात्रीनंतर डोनेअर माझ्या मनात वर गेला, हरून. आता हे कुठल्या रकान्यात भरायचं?

हे सगळं लिहिल्यावर जरा बरं वाटतंय. आणि एक गोष्ट आत्ता लिहिता लिहिताच सुचली, क्रॉफर्ड. अथर्व क्रॉफर्डला तिसरा का ठेवतो? शून्यामुळे, हो, पण तेवढ्यासाठी नाही. क्रॉफर्डने स्पेन्सला तीनदा पाडून नवव्या राउंडला थांबवलं तेव्हा अथर्व माझ्या शेजारी बसला होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रॉफर्डने दोन वजनगट वर जाऊन कॅनेलोला हरवलं तेव्हा ताईचा फोन आला होता की पोरगं सकाळपासून घर डोक्यावर घेऊन नाचतंय. १४० पाउंडाच्या गटात चारही मोठ्या संघटनांचे बेल्ट, १४७ ला चारही, १६८ ला चारही, हे तो पाढ्यासारखं म्हणून दाखवतो आणि म्हणताना त्याचा आवाज चढतो. मार्केझ लढत होता तेव्हा हा पोरगा शाळेतसुद्धा नीट जात नव्हता. त्याने मार्केझला फक्त एका पानावरच्या जिंकलं-हरलं या अक्षरांत बघितलंय, मी त्याला जिवंत बघितलंय. मग त्याच्यावर रागवून काय करू. त्याने मला दुखवायला म्हटलं नव्हतं, त्याला फोन आला म्हणून तो गेला, या वयात सगळे जातात.

तर माझी यादी. फ्लॉइड की पॅकियाओ, इथे मी पॅकियाओ लिहिते. समोरासमोर फ्लॉइडने त्याला स्वच्छ हरवलं, ११८-११०, ११६-११२, ११६-११२, पॅकियाओचा खांदा दुखावला होता वगैरे ठीक आहे पण मी बघितली ती लढत, त्यात वाद नाही. पण कोण कोणाला हरवेल आणि कोण काय काय करून गेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ मध्ये ११२ पाउंडला, म्हणजे जेमतेम ५१ किलोला पहिला वर्ल्ड टायटल आणि २०१० मध्ये मार्गारितोला हरवून आठव्या वजनगटात टायटल. आठ वजनगट! मार्गारितो त्याच्याहून कितीतरी उंच, रुंद, आणि शेवटी शेवटी त्याचे डोळे इतके सुजले होते की पॅकियाओ रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून, आणि थांबवलं नाही तर त्यानेच बाराव्या राउंडला हात आवरते घेतले. बारेरा, मोरालेस, मार्केझ, कॉटो, हे सगळे ऐन भरात किंवा भराच्या जवळ असताना त्याने अंगावर घेतले, मोरालेसकडून हरला, परत दोनदा लढून दोनदा नॉकआउट केला. ४० व्या वर्षी न हरलेल्या थर्मनला पहिल्याच राउंडला खाली बसवलं. फ्लॉइडने हे सगळं केलं नाही, त्याला करायची गरज पडली नाही असं त्याचे लोक म्हणतील, म्हणू देत.

म्हणजे पॅकियाओ एक, फ्लॉइड दोन. तीन नंबरला उसिक, कारण क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचे, चारही बेल्ट मॉस्कोत जाऊन एकत्र केले आणि मग हेवीवेटमध्ये आपल्याहून धिप्पाड फ्युरीला एकदा नाही दोनदा हरवलं. तो स्वतः शून्यवाला आहे, पण तो वर आहे तो कुणाकुणाशी लढला त्यामुळे.

चौथ्या जागेवर मी खूप वेळ अडकले होते. हात मार्केझ लिहायला जात होता आणि डोकं हॉपकिन्स म्हणत होतं. हॉपकिन्सने २००१ मध्ये न हरलेल्या त्रिनिदादला बाराव्या राउंडला थांबवून मिडलवेटचे बेल्ट एकत्र केले आणि मग ४६ व्या वर्षी पास्कलला हरवून फोरमनचा सगळ्यात वयस्कर चॅम्पियनचा विक्रम मोडला, ४८ व्या वर्षी परत टायटल जिंकलं. तोही हरलेला आहे, चांगला आठ वेळा. दोघांच्या लढती समोर ठेवून बघितलं तर हॉपकिन्सचं पारडं जड आहे. म्हणून हॉपकिन्स चार, मार्केझ पाच. लिहिताना जिवावर आलं, पण लिहिलं, आणि हे अथर्वला दाखवणार आहे, त्या इमोशनलचं हेच उत्तर. क्रॉफर्ड सहा, इनोउए सात, त्याला ते आवडणार नाही, मग भांडू दे, या वेळी फोन बाजूला ठेवून भांडू दे.

आठव्या जागेसाठी वॉर्ड आणि चोकोलातितो, म्हणजे निकाराग्वाचा रोमान गोन्झालेस, आहेत. वॉर्डच्या कोवालेवबरोबरच्या दोन्ही लढती मला पाठ आहेत, चोकोलातितोच्या एस्ट्राडाबरोबरच्या तिन्ही मात्र शनिवारी सलग बघायला काढल्यात, २०१२ पासून २०२२ पर्यंत. त्या बघून झाल्या की ठरवेन.