थीम लिहून का देत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत विचारलंत, स्टाफरूममध्ये डबा खाताना विचारलंत, परवा तर एसटीत उभ्याउभ्या एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, कवितेची थीम फळ्यावर लिहून द्यायला काय हरकत आहे? बाकीचे देतात." देतात. मीही चौदा वर्षं दिली.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण पाच गुणांचं. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार पाठ होतात, मग थीमनेच काय घोडं मारलंय, हा तुमचा हिशेब मला समजतो. आमच्याकडची बरीच मुलं घरातली पहिली इंग्रजी वाचणारी. त्यांच्या हातात दोन तयार वाक्यं ठेवण्यात पाप नाही, असं मीच नव्या शिक्षकांना ऐकवत असे. आजही ते पूर्ण चूक होतं असं म्हणणार नाही.

पण नववीची ती घटक चाचणी. मी निसिम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' घेतली होती. इझिकेल जन्मले मुंबईत, 1924 साली, पण त्यांचा बेने इस्रायली ज्यू समाज मूळचा आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरचा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवला गेलेला. म्हणजे कविता इंग्रजी असली तरी परकी नव्हे. आणि विंचू तर आमच्या पोरांना काय शिकवायचा! दहा तासांच्या पावसाने तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला विंचू आईला डंख मारतो, गावकरी कंदील घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, मागच्या जन्मीची पापं काढतात. एरवी बुद्धिवादी असलेला बाप झाडपाल्यापासून सगळं करून बघतो, शेवटी आईच्या पायाच्या चावलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतो. वीस तासांनी कळ ओसरते. मग सुट्या छापलेल्या शेवटच्या तीन ओळी : आई एवढंच म्हणते की देवाची कृपा, मला चावला, माझी पोरं वाचली.

मी थीम सांगितली, 'आईचं निःस्वार्थ प्रेम'. इंग्रजीत दोन वाक्यं, दुसऱ्यात एक चुकीचा स्वल्पविराम, तो माझाच. बेचाळीसपैकी एकेचाळीस पेपरांत तो स्वल्पविराम जागच्या जागी आला.

एका मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत वेगळंच लिहिलं होतं. 'आता सगळ्यांनी घरी जावं असं आईला वाटतं, म्हणून ती देवाचं नाव घेते.' मी शून्य दिला आणि शेजारी लाल शाईने लिहिलं, 'नीट पाठ कर.'

मधल्या सुटीत ती पेपर घेऊन आली. भांडायला नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं.

"मॅडम, आई आधी एकदा पण बोलत नाही. सगळे तिच्याबद्दलच बोलतात."

"मग?"

"मग शेवटी 'ओन्ली सेड' आहे. एवढंच म्हणाली."

"त्यावरून लोकांनी जावं हे कुठे येतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या आईला चावला ना, भाताचे भारे बांधताना, तेव्हा ती पण अशीच म्हणाली. घरात सगळी वाडी जमलेली. कोण कांदा चोळतोय, कोण मंत्र म्हणतोय. आई म्हणाली, मला बरं आहे, देवाने पोरांना राखलं, जा आता तुम्ही. मग गेले सगळे."

"आणि?"

"रात्री तिला घाम सुटला. हातपाय गार पडले. शेजारच्यांच्या टेम्पोतून नेलं."

घाम आणि गार हातपाय म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लाल विंचवाचं विष चढलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यावर वापरून दाखवलं, त्याआधी असे गंभीर रुग्ण शंभरात तीस-चाळीस दगावायचे. तिची आई वाचली. पण हे मी तिला विचारलं नव्हतं, मला नंतर कळलं. मी त्या वेळी काय म्हणाले, तर, "अगं, पण परीक्षेत असं लिहून चालत नाही."

"बरं मॅडम," म्हणाली आणि गेली.

सहामाहीला मी तीच कविता पुन्हा विचारली. तिने माझी दोन वाक्यं लिहिली, स्वल्पविरामासकट. मी पूर्ण गुण दिले. शून्याचं मला फारसं वाटत नाही, खरं सांगते. त्या पूर्ण गुणांचं वाटतं.

आता म्हणाल, मुलीची कहाणी ऐकून मॅडम हळव्या झाल्या. असेलही. आणि तिचं वाचन बरोबर होतं का? मला आजही शंका आहे. आई बोलते ती कळ ओसरल्यावर. लोकांना घालवायचंच असतं तर आधी नसती बोलली? हा मुद्दा मी तिच्यासमोर ठेवला असता तर ती काहीतरी म्हणाली असती, मी काहीतरी म्हणाले असते, आणि तो त्या वर्षातला माझा एकमेव खरा तास झाला असता. पण मला हा मुद्दा सुचला तीन वर्षांनी. इतकी वर्षं कविता शिकवत होते, पण वाचली नव्हती. थीम पाठ होती ना.

म्हणून हल्ली फळा कोरा ठेवते आणि फक्त विचारते, कुठल्या ओळीवरून म्हणतोस? यात तास जातात, पोर्शन मागे पडतो, मुख्याध्यापकांची बोलणी खाते. काही मुलं उत्तराची जागा कोरी सोडतात. गेल्या वर्षी एकाचे असेच गुण गेले आणि त्याच्या आईने मला विचारलं, "तुमच्या प्रयोगाला आमचंच पोर सापडलं का?" त्यांना मी काहीतरी पुटपुटले. काय, ते आठवत नाही.

आणि जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, ज्यांची गाडी अडलीय अशा पाच-सहा जणांना मी तयार थीम लिहून देते. फळ्यावर नाही, त्यांच्या वहीत, मागच्या पानावर. त्यात फरक काय, हे आता तुम्ही विचारालच.