लळिंग ते पाटणादेवी : खान्देशातला दगड कशानं फुटतो

खान्देशात दगड फुटला की दोष उन्हाला जातो, आणि भुसावळचा मे महिना सोसलेल्या माणसाला ते पटतंही. डिसेंबरातल्या दोन दिवसांच्या या फेऱ्यात मात्र जिथं जिथं दगड कुजलेला दिसला, तिथं पाण्याची वाट आधी सापडली. ऊन होतं, पण मदतनिसाच्या भूमिकेत. त्याच वाटेनं जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत. पहिला दिवस धुळे, लळिंग आणि थाळनेर. दुसरा दिवस चाळीसगाव, कन्नड घाट, पितळखोरं आणि पाटणादेवी.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसानं उघडे कडे धुऊन निघालेले असतात आणि गवत वाळून बसलेलं असतं. ऑक्टोबरात गेलात तर कमरेएवढ्या गवतात अर्धं काही दिसत नाही. सोबत एक किलोच्या आसपासची हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, डोळ्यांवर साधा गॉगल, माणशी तीन लिटर पाणी आणि चार लिंबं. लिंबं सरबतासाठी नाहीत. चुनखडी ओळखायला विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण बसमध्ये आणि सॅकमध्ये ती बाटली म्हणजे नस्ता ताप. चाकूनं दगड थोडा खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळलं की कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, बारीक फसफसतं. न खरवडता पिळलं तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहे. खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याच्या सुरुवातीच्या काळातला हा किल्ला. पण आधी वर जायची घाई करू नका. पायथ्याच्या बाजूला जिथं जिथं डोंगर कापलाय तिथं थांबा. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात कापलेल्या भिंतीचा पोत जसा दिसतो तसा दुपारी दिसत नाही. तपकिरी मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतील, मध्ये काळा टणक गाभा आणि भोवती काही मिलिमीटरांपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जाडीचे थर. हातोडीनं गाभ्यावर मारा, खणखणीत आवाज येतो. पापुद्र्यावर मारा, भद्द वाजतं आणि तुकडा हातात चुरतो.

हे गोल धोंडे वाहत आलेले नाहीत, जागच्या जागी गोल झालेत. लाव्हा थंड होताना आकसला, त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि खडकाचे ठोकळे झाले. भेगांतून पाणी शिरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच दिशेनं येतं, कडेवर दोन, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनाचा गोल होतो. भेगा किती अंतरावर आहेत ते मोजलंत तर गाभा केवढा उरेल याचा अंदाज येतो. एक घनमीटर अखंड ठोकळ्याला सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे केले तर साठ चौरस मीटर होतो. दगड जितका तुटतो तितका वेगानं कुजतो तो यामुळे.

पापुद्रा सुटतो कसा, ही या जागेवरची खरी मजेची गोष्ट. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते बेसाल्टमधल्या, म्हणजे इथल्या काळ्या लाव्हा-खडकातल्या, फेल्डस्पार या खनिजाची माती करतं. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन ही खनिजं तर त्याहून लवकर हात टेकतात. त्यांच्यातलं लोह गंजतं, तोच तो तांबूस-पिवळा रंग. नवीन खनिजं जुन्यांपेक्षा जास्त जागा मागतात, बाहेरचा थर फुगतो आणि आतल्या थरापासून सुटतो. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते फुटणं, पण मूळ करणी रसायनाची. शाळेत विदारणाचे, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-कुजण्याचे, कायिक आणि रासायनिक असे दोन कप्पे करून शिकवतात. लळिंगच्या भिंतीत ते कप्पे टिकत नाहीत.

इथं दोन चुका हमखास होतात. रस्त्याच्या कापात अर्ध्या नळीसारख्या उभ्या खाचा दिसल्या तर ती सुरुंगाची भोकं आहेत. त्यांच्यापासून फुटणाऱ्या ताज्या, धारदार भेगा निसर्गाच्या खात्यावर टाकू नका. नैसर्गिक जुन्या भेगेच्या दोन्ही बाजूंना गंज चढलेला असतो. दुसरं, दगडातली गोल भोकं म्हणजे झीज नव्हे. ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. त्यांत पांढरी खनिजं भरलेली असली तर लिंबू काढा. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट हे दुसरं खनिज. विहीर खणणारे अशा ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात.

आता उन्हाचं. बेसाल्ट एक अंश तापला की मीटरमागे सुमारे 0.0054 मिलिमीटर वाढतो. रात्र आणि दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला तरी एक मीटर दगड जेमतेम 0.2 मिलिमीटर हलतो. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकी भूवैज्ञानिकानं 1936 मध्ये ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवून थंड केला, म्हणजे 244 वर्षांचे दिवस-रात्र. कोरड्या हवेत दगडाला काही झालं नाही. थंड करताना पाणी वापरल्यावर मात्र थोड्याच काळात पृष्ठभाग बिघडला. प्रयोगातला तुकडा लहान होता आणि त्याला दाबणारा डोंगर भोवती नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. तरीही उन्हाला एकट्याला श्रेय देता येत नाही. आणि पुस्तकातलं ते भेगेत पाणी गोठून दगड फुटण्याचं चित्र खान्देशापुरतं खुशाल विसरा. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं हे खरं, पण इथल्या थंडीत ते भेगेत गोठायला तर हवं.

किल्ला चढताना तटबंदीच्या खालच्या थरांकडे बघा. जमिनीतली ओल दगडात चढते, वाळते आणि क्षार मागं ठेवते. हाच लोणा. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढून कपचे उडवतात. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना काढून सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातूनच पडते, आणि मग सांधा शाबूत राहून दगड खोल जातो. पिंपळाची मुळं सगळ्यांनाच दिसतात. त्यांच्यापेक्षा हळू काम करणारं दगडफूल दुर्लक्षित राहतं. काळ्या मसाल्यात पडणारं दगडफूल याच कुळातलं. ते आम्ल सोडून खडकाची वरची कातडी सैल करतं. खरवडून नेऊ नका, भिंगातून बघा.

दुपारनंतर थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं हे गाव तापीच्या काठावर आहे आणि तिथं मुद्दाम जायचं ते एक गैरसमज काढायला. तापीकाठचा खोल पोयटा हा खालच्या खडकाची जागच्या जागी झालेली माती नाही, नदीनं आणून टाकलेला गाळ आहे. काठाच्या उभ्या कापात पांढऱ्या गाठी दिसतील, त्यांवर लिंबू पिळा. बेसाल्टमधून सुटलेला चुना पाण्याबरोबर खाली आला आणि बाष्पीभवनानं इथं साठला. पाऊस हजारो मिलिमीटर असता तर तो धुऊन गेला असता. कोकणात याच खडकाचा तांबडा जांभा होतो, इथं काळी जमीन, कारण आपल्याकडे पाऊस साधारण 550 ते 750 मिलिमीटरच. काठाच्या अगदी कडेला उभं राहू नका. खालून पोखरलेला गाळ न सांगता सुटतो.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावहून सहाला निघणं बरं. कन्नड घाटात 31 ऑगस्ट 2021 च्या अतिवृष्टीत दरडी कोसळल्या होत्या. कापाची रचना पाहिली की कारण कळतं. वर मुरूम, खाली टणक पाषाण, आणि दोहोंच्या सांध्यावर अडलेलं पाणी. भिजलेला मुरूम जड होतो आणि पकडही सोडतो. वळणावर गाडी थांबवू नका, कापाखाली उभे राहू नका. समोरच्या बाजूनं दुर्बिणीतून पुरेसं दिसतं. दोन लाव्हा थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसला तर तो गेरू. त्याची झीज आजची नाही. खालचा थर वा त्यावरची राख कुजून माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं विदारण तिथं बंद पेटीत ठेवलंय.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं आणि तेवढंच चढून यावं लागतं, म्हणून अकराच्या आत आटपा. आग्या मोहळं असू शकतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेली, त्यामुळे छिन्नी लागल्याची वेळ माहीत असलेला खडक इथं मिळतो. अनेक दर्शनी भाग कोसळलेत. एकाच लेण्यात टणक थरातलं काम टिकलेलं आणि मऊ थरातलं चुरलेलं दिसतं. छताच्या ओल्या रेषा शोधा. नुकसान बहुतेक त्यांच्याच आसपास सापडतं. इथं हातोडी बॅगेतच.

पाटणादेवीला फार वेळ लागला नाही. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं क्षेत्र, दगड उचलणंसुद्धा चालत नाही. ओढ्यातले गुळगुळीत गोटे बघून लळिंगचे धोंडे आठवा. हे घासून गोल झालेत, त्यांना पापुद्रे नाहीत. ज्याला हा फरक हाताला कळला त्याचा फेरा वसूल.

नमुने घ्यायचे तर परवानगी विचारून शेतातून घ्या, मूठभर काळी माती आणि मूठभर मुरूम. घरी वाळवून, कुटून, बारीक चाळणीनं चाळा. काळ्या मातीचे दहा-दहा ग्रॅम दोन उभट मोजपात्रांत टाका, एकात 100 मिलिलिटरपर्यंत पाणी, दुसऱ्यात तेवढंच रॉकेल. काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा, नाही तर आकडा फसवा येतो. 24 तासांनी तळाच्या थराची उंची वाचा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलच्या आकड्यानं भागून शंभरानं गुणा, म्हणजे माती किती टक्के फुगते ते कळतं. मग हेच मुरमाचं करा. काळ्या रानात पाया काढणारा गवंडी मुरूम लागेपर्यंत खणायला का लावतो, ते त्या दोन आकड्यांत दिसतं.