तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळ्या डब्यात काय असतं

"शिसं नको म्हणता मॅडम, पण तुमच्या पिवळ्यातही धातूच आहे की!" सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्या रंगवणारे मिस्त्री मला हे दर हंगामाला ऐकवतात.

आहे, धातूच आहे. आम्ही बनवतो त्या बिनशिशाच्या पिवळ्यात, म्हणजे बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये, दोन धातू असतात: बिस्मथ आणि व्हॅनेडियम. तुमच्या नेहमीच्या क्रोम यलोत, म्हणजे लेड क्रोमेटमध्ये, वजनाने ६४ टक्के शिसं असतं आणि वर कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियम. आवर्तसारणीत शिसं ८२ वं, बिस्मथ ८३ वं. अगदी भिंतीला भिंत लागून घरं. पण बिस्मथचे क्षार पोटाच्या औषधात घालतात आणि शिसं शरीर हाडांत साठवून ठेवतं. मुलांच्या मेंदूला तर शिशाचं कुठलंच प्रमाण चालत नाही. व्हॅनेडियमची कच्ची भुकटीही नाकात जाऊ द्यायची नसते, ती हाताळताना आम्ही मास्क काढत नाही. भट्टीतून निघाल्यावर मात्र ते स्फटिकात पक्कं अडकलेलं असतं.

करायला हा रंग नाजूक. आम्लात विरघळवलेल्या बिस्मथ नायट्रेटमध्ये सोडियम व्हॅनेडेट ओतायचं, मग कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने. खाली बसतो तो गाळ अगदी फिका, बघून वाटतं बिघडलंच. भट्टीत तापला की लख्ख पिवळा होतो. थोडा लिंबाकडे झुकणारा, ही मिस्त्रींची तक्रार खरी आहे. ट्रॉलीचा तांबूस पिवळा हवा तर त्यात नारिंगी मिसळावा लागतो. आणि क्रोमपेक्षा तो कितीतरी महाग पडतो, हेही खरं.

मग कायदा काय करतो? १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० च्या वर चालत नाही. ट्रॉलीचा रंग त्या नियमात बसतच नाही. हे मला फार खुपतं.

हळदीच्या गावात आणखी एक सांगायलाच हवं. बांगलादेशात हळकुंडं उजळ दिसावीत म्हणून त्यांना हाच लेड क्रोमेट चोळत असल्याचं संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. ट्रॉलीचा रंग थेट कालवणात.

गेल्या दसऱ्याआधी मी मिस्त्रींच्या शेडवर गेले होते. जुनी ट्रॉली कोरड्या पॉलिश पेपरने घासणं चाललं होतं. त्यांचा मुलगा शाळा सुटल्यावर तिथेच पत्र्यावर बसून गणितं सोडवत होता. वहीच्या पानावर पिवळी भुकटी बसलेली. पान उलटताना त्याने बोटाला थुंकी लावली.

मिस्त्री, नवा रंग घ्यायचा की नाही ते पुढच्या हंगामात ठरवू. जुनी ट्रॉली मात्र आजपासून वॉटर पेपरने, ओली करूनच घासा. जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. आणि पोराला अभ्यासाला दुसरीकडे बसवा.