नात्याचा रकाना

कायदेशीर पालकत्वासाठी आम्हाला कचेरीतून जो छापील अर्ज मिळाला, त्यात 'नियोजित पालकाचे दिव्यांग व्यक्तीशी नाते' असा एक रकाना होता. बोटभर रुंदीच्या त्या रकान्यात काय लिहावे, एवढ्या एका प्रश्नापायी आमचे प्रकरण मे 2024 पासून फेब्रुवारी 2025 पर्यंत अडकून पडले. बाकीची सारी कागदपत्रे पहिल्याच दिवशी पूर्ण होती, हे मी आजही कोणी विचारले नाही तरी सांगतो.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एका साध्या वसाहतीत, आमच्या संस्थेतर्फे आम्ही भाड्याचे घर चालवतो. बौद्धिक अक्षमता असलेले पाच सज्ञान पुरुष तेथे राहतात आणि एक काळजीवाहक जोडपे त्यांच्यासोबत असते. मी निवृत्त शिक्षक आहे, त्याच गल्लीत चार घरे सोडून राहतो आणि या घरावर देखरेख ठेवतो. देखरेख म्हणजे औषधांच्या गोळ्या वहीतल्या नोंदीशी जुळतात का ते आठवड्यातून दोनदा मोजणे, किराण्याची बिले तपासणे, काळजीवाहकांच्या सुट्ट्यांची सोय लावणे आणि शेजाऱ्यांची तक्रार आली की चहा पाजून ऐकून घेणे. या घराला कोणी वसतिगृह किंवा आश्रम म्हटले की मी दुरुस्ती करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहिले पाहिजे अशी सक्ती कोणावर होऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. त्याच कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र आम्ही रीतसर घेतले असून ते दर्शनी भिंतीवर लावलेले आहे. ते मिळवताना फारसा त्रास झाला नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

ज्याच्यासाठी हा अर्ज होता तो आमच्याकडचा सर्वांत थोरला, वय वर्षे सेहेचाळीस. रोज पहाटे साडेपाचला स्टीलची किटली घेऊन तो कोपऱ्यावरच्या गोठ्यातून दूध आणतो. त्याला पैसे मोजता येत नाहीत, परंतु दूध कमी भरले तर किटलीच्या वजनावरून ते त्याला बरोबर समजते आणि मग तो जागचा हलत नाही. वडील पूर्वीच वारले होते. आई गावी असे, महिन्याच्या महिन्याला एस.टी.ने येऊन त्याला भेटे, कळण्याच्या भाकरी बांधून आणी आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे त्याचे दरमहा 1500 रुपये दोघांच्या संयुक्त खात्यातून काढून घराच्या खर्चासाठी माझ्या हातात देई. जानेवारी 2024 मध्ये ती वारली आणि ते खाते बंद पडल्यासारखे झाले. पैसे जमा होत होते, परंतु काढणार कोण? शिवाय सातबाऱ्यावर त्याचे आणि धाकट्या भावाचे नाव लागायचे होते आणि शेताच्या खंडाच्या पैशांतला त्याचा वाटाही कुठेतरी जमा व्हायला हवा होता.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, मग मुलाची अक्षमता कितीही तीव्र असो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात आणि पालकाची नेमणूक ही समिती करते. मात्र हा मार्ग स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. 2016 च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार डोक्यात ठेवून कोणी तेथे गेले तर हेलपाटा ठरलेला. मानसिक आजार असलेल्या एका मुलाच्या वडिलांना मीच चुकून त्या कचेरीत पाठवले होते, याची मला अजून चुटपुट आहे.

आता त्या रकान्याकडे येतो.

धाकटा भाऊ सूरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला पालक होणे शक्य नव्हते, कारण बँकेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक सहीसाठी त्याला सूरतेहून यावे लागले असते. त्याने स्वतःच माझे नाव सुचवले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो पितरांची घागर भरायला गावी आला, आईची ती पहिलीच आखाजी, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरला. अर्जदार भाऊ, नियोजित पालक मी. नाते काहीच नव्हते, म्हणून तो रकाना मी कोरा ठेवला. लोकसभेच्या निवडणुकीमुळे अर्धी कचेरी ओस पडलेली होती, तरी शिपायाने अर्ज ठेवून घेतला. पोचपावती मी मागितली नाही. छत्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाने ही चूक करावी, याला काय म्हणावे? जूनच्या मध्यावर चौकशीला गेलो तेव्हा अर्ज सापडेना. जुलैत सापडला तो 'त्रुटी: रकाना क्र. 9 अपूर्ण' अशा पेन्सिलीतल्या शेऱ्यासह.

मी तेथेच पेन काढून 'नाते नाही' असे लिहायला निघालो, तर संबंधित लिपिकांनी हात आडवा घातला. अर्जात खाडाखोड किंवा मागाहून भर चालणार नाही, नवीन अर्ज द्या आणि त्यावर अर्जदाराची सही नव्याने घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एका शब्दासाठी सूरतेहून माणूस आणायचा. सुदैवाने श्रावणातला कानबाईचा सण जवळ आला होता. खानदेशातला माणूस दिवाळीला एखाद्या वेळी येणार नाही, परंतु कानबाईच्या रोटांना येतोच. ऑगस्टमध्ये भाऊ आला, सही झाली, रकान्यात मी स्वच्छ अक्षरांत 'नाते नाही. शेजारी व घराचा देखरेख करणारा' असे लिहिले आणि या वेळी आवक क्रमांकासह पोचपावती घेतली.

सप्टेंबरमध्ये तो अर्जही परत आला. नाते नसलेल्या व्यक्तीस पालक कसे नेमायचे, असा लेखी प्रश्न त्याच्यावर होता. मी लिपिकांसमोर बसलो. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या टेबलावर तीन योजनांच्या नस्त्या होत्या आणि पंख्याचा वारा माझ्याकडे वळवण्याइतके सौजन्यही त्यांच्यात होते. ते म्हणाले, "सर, मानलेले काका असं लिहून टाका ना, कोण बघतं?" मी म्हणालो, "भाऊसाहेब, मी उभ्या आयुष्यात हजेरीपटावर खोटी टिंबं मारली नाहीत, आता काय काका होऊ?" त्यावर त्यांनी दुसरा मार्ग सुचवला: संस्थेतर्फे अर्ज करा आणि नात्याच्या जागी 'संस्थेचा प्रतिनिधी' लिहा. मला तो सल्ला पटला, आणि माझी दुसरी चूक ती. भावाने खास एका सहीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवली. नंदुरबार, दोंडाईचा मागे टाकत रात्रभर डब्यात उभ्याने आलेला तो माणूस कचेरीच्या पायरीवर बसून पेंगत होता आणि साहेब बैठकीला गेल्यामुळे कचेरीत कोणी अर्ज हातात घ्यायला तयार नव्हते, हे दृश्य मी विसरलेलो नाही. दुपारी चारला एकदाचा तो अर्ज आत गेला. मग विधानसभेची आचारसंहिता लागली, 20 नोव्हेंबरला मतदान झाले आणि डिसेंबरमध्ये उत्तर आले की आमची संस्था राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नोंदणीकृत नाही.

हे उत्तर बरोबर होते, हे मला मान्य केले पाहिजे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी आणि राष्ट्रीय न्यासाकडची वेगळी, आणि या कायद्यात 'नोंदणीकृत संस्था' म्हणजे न्यासाकडे नोंदलेलीच. पण मग तो सल्ला आम्हाला दिला कशाला? त्या रात्री रागाच्या भरात मी मूळ कायदा मागवून वाचायला घेतला, जे मी मे महिन्यातच करायला हवे होते. कलम 14 च्या पहिल्याच पोटकलमात लिहिले आहे की दिव्यांग व्यक्तीचे आई किंवा वडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या कोणत्याही व्यक्तीची पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी अर्ज करू शकतात. नाते अर्जदाराचे असावे लागते, आणि आमचा अर्जदार तर सख्खा भाऊ होता. पालकाला नाते असण्याची अट तेथे नाही. म्हणजे आमचा पहिला अर्ज, कोऱ्या रकान्यासह, कायद्याला धरूनच होता.

चौथा अर्ज जानेवारीत दिला. रकान्यात 'अर्जदाराच्या पसंतीची व्यक्ती, कलम 14(1)' असे लिहिले, कायद्याच्या त्या पानाची छायाप्रत जोडली आणि भांडायच्या तयारीने गेलो. टेबलावर नवे लिपिक होते, जुन्यांची बदली झाली होती. त्यांनी पाने मोजली, फोटो नीट चिकटवला आहे की नाही ते पाहिले, आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत घेऊ." रकाना क्रमांक 9 त्यांनी वाचलाही नाही. खरे सांगायचे तर मला आनंदापेक्षा रागच अधिक आला.

समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसावे असे कायद्यात आहे. त्यामुळे अर्ज देताना पुढची बैठक कधी ते विचारून ठेवावे आणि आचारसंहितेचा काळ टाळावा. अर्ज एकदा परत आला की एक तिमाही गेलीच असे समजावे. अर्जदार परगावी असेल तर पूर्ण भरलेल्या अर्जाच्या तीन प्रतींवर सह्या घेऊन ठेवाव्यात. कोऱ्या अर्जावर मात्र कोणाचीही सही घेऊ नये. आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी सांगायला हवी होती: वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात, ते नसेल तर प्रथम ते काढावे, कारण 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यूडीआयडीच्याच संकेतस्थळावरून मिळते. प्रमाणपत्राच्या तपासणीला घरची बोली जाणणारा माणूस सोबत न्यावा. आमच्या थोरल्याला मानसशास्त्रज्ञांनी पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तेव्हा तो भिंतीकडे पाहत राहिला, आणि काळजीवाहक बाईंनी तेच प्रश्न अहिराणीत विचारल्यावर त्याने निम्म्याहून अधिक उत्तरे दिली. त्या दिवशी बाई रजेवर असत्या तर त्याची क्षमता कागदावर किती कमी लागली असती, याचा विचार करवत नाही.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. थोरल्याला आणू नका असे आधी सांगितले होते, आदल्या दिवशी फोन आला की आणा. एखाद्याला पालकाची गरज आहे का आणि ती कोणत्या कामांसाठी आहे, हे समितीने तपासायचे असते. प्रत्यक्षात सारे प्रकरण सात-आठ मिनिटांत आटोपले. समितीवर असलेल्या दिव्यांग सदस्यांनी मात्र कागद बाजूला ठेवून त्याला विचारले की तुम्हाला कुठे राहायला आवडेल. तो गप्प. भावाने अहिराणीत तोच प्रश्न केला, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "माले आठेच ऱ्हानं शे." मला इथेच राहायचे आहे, असे तो म्हणत होता. आठे, म्हणजे इथे, म्हणजे ती कचेरी नव्हे, हे मला समितीला समजावून सांगावे लागले आणि सगळे हसले. आदेश तीन आठवड्यांनी हाती आला.

बँकेचा मी धसका घेतला होता. स्थानिक स्तर समितीचे पालकत्व प्रमाणपत्र अशा खात्यांसाठी ग्राह्य धरता येईल, असे रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच बँकांना कळवले आहे. त्या परिपत्रकाची प्रत मी पिशवीत ठेवली होती, ती काढावी लागली नाही. शाखेत अर्ध्या तासात काम झाले.

पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. माझ्या ओळखीतले निम्मे पालक हे करत नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही. मी मात्र ठरलेल्या नमुन्यात यादी केली. ती करताना थोरल्याला समोर बसवले. शेतातला हिस्सा, बँकेतली शिल्लक, आईने ठेवलेली चांदीची साखळी, रेडिओ, दोन चादरी असे लिहीत गेलो आणि प्रत्येक वस्तूला तो मान हलवत होता. शेवटी उठून स्वयंपाकघरात गेला, दुधाची किटली आणून यादीवर ठेवली आणि तेथून हलेना. किटली घराची आहे, तिचे बिल माझ्या वहीत आहे, असे मी दोनदा सांगून पाहिले. मग घरासाठी नवी किटली विकत आणली आणि यादीत सहाव्या क्रमांकावर 'स्टीलची किटली, एक नग' अशी नोंद केली.