ल्यूना नोव्हाचे मराठी उपशीर्षक : सातव्या भागापर्यंतची नोंद

ल्यूना नोव्हा या जादूच्या शाळेत घडणाऱ्या 'लिटल विच अकॅडेमिया' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या ब्ल्यू-रेसाठी मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) तयार करण्याचे काम आता सातव्या भागापर्यंत आले आहे. त्यापूर्वी २०१३ चा सुमारे २६ मिनिटांचा पहिला लघुपट मी उपशीर्षके देऊन पूर्ण केला होता. जपानमधील तरुण ॲनिमेटरांना प्रत्यक्ष कामातून शिकता यावे, यासाठी तेथील सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या 'ॲनिमे मिराई' या प्रकल्पात ट्रिगर स्टुडिओने तो यो योशिनारी यांच्या दिग्दर्शनाखाली केला होता. दुसऱ्या चित्रपटासाठी प्रेक्षकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, आणि २०१७ मध्ये पंचवीस भागांची मालिका आली. जादूची पार्श्वभूमी नसलेल्या घरातील एक मुलगी जादूच्या शाळेत कशी टिकते, ही गोष्ट शिकाऊ कलावंतांच्या प्रकल्पातून जन्मली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तबकड्या नागोयात नोकरी करणाऱ्या मामेभावाने आणल्या. ब्ल्यू-रे तबकड्या जगाच्या ठरावीक विभागातील प्लेअरवरच चालाव्यात अशी सोय असते; जपान 'ए' विभागात येतो आणि भारत 'सी' विभागात, त्यामुळे घरच्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत हे माहीत होते. 'सर्व विभागांसाठी' म्हणून विकत घेतलेला दुसरा प्लेअर प्रत्यक्षात फक्त डीव्हीडीपुरताच विभागमुक्त निघाला, आणि त्यात दोन महिने गेले. आता संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हवर काम चालते.

वेळेचा मेळ बसवण्यात आणखी एक अडचण आली. जुन्या उपशीर्षकांची फाइल मी सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) चित्रफितीवर बेतली होती, तर तबकडीवर सेकंदाला २३.९७६ चौकटी आहेत. सुरुवातीला फरक जाणवत नाही, पण चोवीस मिनिटांच्या भागाच्या अखेरीस संवाद आणि अक्षरे यांत जवळपास एका मिनिटाचे अंतर पडते. त्यामुळे सरसकट काही सेकंद पुढे-मागे करून भागत नाही, प्रत्येक वेळ त्याच गुणोत्तराने ताणावी लागते. शिवाय ब्ल्यू-रेवरची मूळ उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात, म्हणून माझी फाइल स्वतंत्र ठेवली आहे. काही प्लेअर जोडाक्षरे फोडून दाखवतात, तेव्हा सहकाऱ्यांनी टंक (फॉन्ट) आधी तपासावा.

खरा वेळ मात्र भाषेनेच घेतला. नायिकेचे नाव अत्सुको, आणि मैत्रिणी तिला जिने हाक मारतात त्या हाकेत 'क' दुहेरी उच्चारला जातो. मराठीला हे द्वित्व सहज पेलते. जपानी 'आ' ऱ्हस्व असला, तरी 'अक्को' लिहिल्यास उच्चार बिघडतो, म्हणून 'आक्को' ठेवले. 'आक्का'ची आठवण होईलच, पण ती हाक घरगुती वाटते आणि तेच हवे आहे. शिक्षिका उर्सुला यांना 'सेन्सेई' (गुरुजनांसाठीचे जपानी संबोधन) म्हटले जाते, तिथे आधी 'मॅडम' लिहिले होते, ते पुसून सर्वत्र 'बाई' केले. आपल्या शाळांतून 'बाई' या शब्दात जो धाक आणि जी माया एकत्र असते, ती आक्को आणि उर्सुला यांच्या नात्यात पहिल्या भेटीपासून आहे. होलब्रुक मात्र मुख्याध्यापिकाच राहिल्या.

आक्कोची सहाध्यायी डायना कॅव्हेंडिश हिचे बोलणे तिच्या जुन्या जादूगार घराण्याला शोभेल असे नेटके आहे. तिला मी पूर्ण प्रमाण मराठी दिली आहे, आक्कोला 'कसलं', 'मला नाही जमत' अशी अनुस्वारांची बोली, तर आक्कोच्या खोलीत राहणाऱ्या लॉटेला दोघींच्या मधली. तिघींनी 'तू' म्हणूनच बोलावे, हे ठरवायला मला चार भाग लागले. एकदा डायनाच्या तोंडी 'आपण' घालून पाहिले होते, पण तिचा दुरावा त्यामुळे तुच्छतेसारखा भासू लागला.

आक्कोची आदर्श जादूगारीण चॅरिओट हिच्या, विश्वासालाच जादू मानणाऱ्या वाक्यात येणाऱ्या 'कोकोरो' (मन, हृदय) या शब्दावर मी सर्वाधिक थांबलो. 'हृदय' लिहिले की वाक्य गाण्यासारखे होते, 'अंतःकरण' लिहिले की प्रवचनासारखे. विश्वास 'बसतो' आणि 'उडतो' तो मनाचाच, म्हणून 'मन' घेतले. ते पहिल्या भागात, आर्क्टुरसच्या जंगलातील प्रसंगापर्यंत, पुन्हा वाचून पाहिले आहे, आणि तिथे ते टिकते. पुढच्या आठवड्यात आठवा भाग घेईन. तो आक्कोच्या खोलीतल्याच सूसीच्या मनात घडत असल्याने या शब्दाची खरी कसोटी तिथे आहे.