आमची वाटचाल : पेढीवरचा कॉम्प्युटर आणि लिलावातला फोन

२००३ साली सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत आम्ही नवराबायकोनं काम सुरू केलं. मी प्रोग्राम लिहायचो, ती पेढ्यांवर जाऊन शिकवायची. गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे आणि गुळाचे अडते. शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब), अडत, हमाली, तोलाई, खरेदीदाराचं बिल आणि उधारीची खतावणी, एवढंच आमचं सॉफ्टवेअर. आजही तेवढंच आहे.

पहिली आवृत्ती व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये होती. तिच्यात काम झटपट व्हायचं, पण चालायची फक्त विंडोजवर. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, तेव्हा काही मालकांनी नव्या मशीनचा खर्च टाळायला जुन्यावरच लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेतली आणि आम्हाला विचारलं, "आता तुमचं चालणार का?" त्या प्रश्नापायी आम्ही लाझारस या प्रोग्राम लिहायच्या साधनावर आलो. भाषा पास्कल, साधन फुकट. एकच कोड विंडोजसाठी वेगळा कंपाइल करायचा, लिनक्ससाठी वेगळा. जुन्यापुराण्या मशीनवरही ते पळतं. सगळं नव्यानं लिहायला दोन वर्षं गेली, पण ती कधी वाया गेली असं वाटलं नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात प्रत्येक मालकाच्या हातात मोठ्या स्क्रीनचा फोन दिसू लागला. मागणी एकच, "फोनवर द्या."

आम्ही घाई केली नाही, पण २०२१ मध्ये एक चूक केली. वाटलं, सगळंच फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनात न्यावं, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर एकाच कोडवर चालतील. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हटलं की सगळीकडे सारखंच चालतं, असं मी धरून चाललो होतो. प्रत्येक साधनाचं माहेर कुठलं, हे आधी बघायला हवं होतं. लाझारस आणि क्यूटी कॉम्प्युटरवर वाढलेली. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर फोनवर वाढलेली. फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी. विंडोजचा पाठिंबा पक्का झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये, लिनक्स आणि मॅकचा त्याच वर्षी मे महिन्यात. मे महिन्यातच डॉटनेट माउई हे तसंच आणखी एक साधन आलं. त्यात फोन आहेत, विंडोज आहे, मॅक आहे, पण लिनक्स नाही. आमच्या लिनक्सवाल्या पेढ्यांसाठी तो रस्ता तिथंच बंद.

आठ महिने राबून तयार केलेलं आम्ही एका पेढीवर लावलं. तिथले दिवाणजी तीस वर्षं खतावणी लिहिणारे. त्यांची बोटं नंबरांच्या कळांवर, डोळे चिठ्ठीवर. वजन, एंटर, भाव, एंटर, पुढची ओळ. स्क्रीनकडे ते बघतच नाहीत. आमच्या नव्या स्क्रीनवर एंटर दाबला तरी कर्सर जागचा हलेना, प्रत्येक खान्यासाठी ते आम्हाला वेगळं लिहावं लागलं. काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून आणायला आणखी जोडकाम. डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावून तीन प्रती काढायला आणखी एक. आणि पहिली पीडीएफ निघाली तेव्हा 'शिराळा' मधली पहिली वेलांटी श सोडून र ला चिकटलेली. दिवाणजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "शेतकऱ्याच्या हातात हे देता येणार नाही, साहेब."

त्याच आठवड्यात रुपयाचा घोळ निघाला. हमाली ४१२.५०. जुन्या प्रोग्रामनं धरली ४१२, नव्यानं ४१३. दोन दिवस आम्ही कोड चाळत होतो. पास्कलचं राउंड, म्हणजे पैसे पूर्ण रुपयात आणणं, बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं, फ्लटरच्या डार्ट भाषेचं शून्यापासून लांब, म्हणजे इथं वरच्या आकड्याकडे जातं. व्हिज्युअल बेसिकही समाकडेच जायचं, म्हणून लाझारसवर येताना हे कधी उघडच झालं नव्हतं. पट्टीतला रुपया लहान नसतो. ज्याची हळद आहे तो घरी जाऊन बेरीज करून बघतो.

मग बायकोनं मला एक सकाळ लिलावात उभं केलं. मालक एका हातानं हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, दुसऱ्या हातात फोन. पत्र्याखाली रेंज येते-जाते. ढिगावरून ढिगावर माणसं सरकतात, कारकून चिठ्ठीवर आकडे टिपतो आणि घाईतला १ पेढीवर ९ वाचला जातो. तिथं फोनला काय काम आहे, ते त्या तासाभरात कळलं.

म्हणून आम्ही दोन्ही ठेवले, पण कामं वाटून दिली. फोनचं अ‍ॅप फ्लटरमध्येच राहिलं. ते फक्त नोंद घेतं : ढीग, पोती, भाव, खरेदीदार. आकडे मोठे, बटणं अंगठ्याच्या टप्प्यात. रेंज नसली तरी नोंद फोनमध्येच साठते, आली की पेढीवर जाते. प्रत्येक फोनच्या नोंदींना त्याचं स्वतःचं अक्षर लावलेलं असतं, त्यामुळे दोन कारकुनांच्या नोंदी एकमेकांवर पडत नाहीत. फोन हिशोब करत नाही. हिशोब एकाच ठिकाणी होतो, पेढीवरच्या लाझारसच्या प्रोग्राममध्ये. शेतकऱ्याला फोनवर जाते ती तिथून तयार झालेली पट्टीच. राउंडही आम्ही स्वतःचं लिहिलं. अर्धा रुपया नेहमी वर जातो आणि तसं पट्टीच्या तळाला छापलेलं असतं.

दोन कोड सांभाळणं महाग पडतं. चार माणसांच्या आमच्या फर्ममध्ये एक जण कायम फोनच्याच मागे असतो, कारण प्ले स्टोअरच्या अटी दरवर्षी बदलतात आणि अ‍ॅप नव्या अँड्रॉइडसाठी पुन्हा बांधावं लागतं. पेढीवरचा प्रोग्राम मात्र एकदा बसवला की वर्षानुवर्षं त्याला हात लावावा लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि २०१४ चाच प्रश्न परत आला. या वेळी कोड तयार होता. लिनक्सवर गेलेल्या पेढ्यांना आम्ही त्याच दिवशी प्रोग्राम बसवून दिला.

हळदीच्या येत्या हंगामासाठी ब्लूटूथच्या काट्यावरून वजन थेट फोनच्या नोंदीत उतरवायचं काम हाती घेतलंय. चाचणी त्याच पेढीवर होईल. दिवाणजी आता निवृत्त झालेत, पण त्या दिवशी येतो म्हणालेत.