शुद्धीवर असलेला माणूस

केळीचा ट्रक होता. सावद्याहून भरून उत्तरेकडे निघालेला, आणि वाटेत एका मोटरसायकलवाल्या पोराला घासून गेला. पोराच्या पायाचं हाड मोडलं. त्याला स्प्लिंट लावून जळगावला पाठवलं, तोवर रात्रीचे सव्वादोन झाले. मग हवालदार ड्रायव्हरला मेडिकलसाठी घेऊन आले.

पन्नाशीच्या आतला, धुळ्याकडचा. सरळ चालत आला, रेघेवरून चालला, डोळे मिटून नाकाला बोट लावलं. "मॅडम, मी बराबर शे. कॉफी पीसन निंघनू." ढाब्यावर जेवताना प्यायला होता, मग 'उतरावी' म्हणून कडक काळी कॉफी आणि वर एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन. श्वासाला वास होता, तो लिहिला. बोलणं स्पष्ट, चाल स्थिर, हेही लिहिलं. नाडी ११८. सिस्टर म्हणाल्या, "हात बघा, थरथरताहेत." अपघाताची भीती असेल, असं मी धरून चालले.

रक्त मात्र नीट घेतलं. सिस्टरांचा हात सवयीने स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला, तो मी थांबवला. दारूच्या तपासणीला स्पिरिटने कातडी पुसली की वकील तोच बोळा कोर्टात काढतो. सलाइनने पुसलं. कुपी सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटची: एकाने नमुना आंबत नाही, दुसऱ्याने गोठत नाही. हळूहळू उलटसुलट केली, सील केली, सीलवर सही घेतली. एवढं सगळं नेटकं करूनही फॉर्मवर जे लिहिलं, त्याने झोप उडाली आहे.

अहवाल बऱ्याच आठवड्यांनी आला: १०० मिलीलीटर रक्तात ११२ मिलीग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा ३० आहे. हवालदार कागद पुढे करून म्हणाले, "मॅडम, तुमच्या फॉर्मात तर माणूस धडधाकट दिसतोय."

दारूने मेंदूत अॅडेनोसिन हे झोप आणणारं रसायन वाढतं, त्यानेच डोळे जड होतात. कॅफीन त्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. गुंगी जाते, दारू जात नाही. यकृत आपल्या चालीने तासाला, दर १०० मिलीलीटर रक्तामागे, साधारण १५ ते २० मिलीग्रॅमच उतरवतं, कॉफीने त्यात काडीचा फरक पडत नाही. म्हणजे ११२ वरून ३० वर यायला चार ते साडेपाच तास. तोवर ब्रेक दाबायला होणारा उशीर तसाच, फक्त माणसाला तो जाणवत नाही. झोप आली असती तर कदाचित तो ढाब्यावरच्या खाटेवर आडवा झाला असता. कॉफीने त्याला उठवून स्टिअरिंगवर बसवलं.

रोजचा पिणारा असेल तर अंगवळणी पडल्यानेही चाल सुटत नाही, हे मला माहीत आहे. पण कॅफीनची खूण, म्हणजे नाडी आणि थरथर, माझ्यासमोर होती. आपल्या फॉर्मात श्वास, बोलणं, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या यांना रकाने आहेत. 'दारूबरोबर आणखी काय घेतलं' याला नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली दारू बनवणाऱ्या चार कंपन्यांना औषध प्रशासनाने ताकीद दिली. आपल्याकडे हे मिश्रण ढाब्याच्या टेबलावरच होतं, कोणी विचारत नाही. आता मी समासात हाताने लिहिते: कॉफी किती, कॅन किती, किती वाजता.

तो पोरगा कुबडीवर येतो. परवा विचारत होता, "मॅडम, तो ट्रकमधून नीट चालत उतरला होता, मी पाहिलं. मग त्याला मी कसा दिसलो नाही?"